वाघामुळे वजा झालेले किलोमीटर

नागभीडजवळच्या गावात तलावातली मासोळी धरून विकणाऱ्या लटारूने सात सीटची जुनी गाडी घेतली, तेव्हा तिच्या मीटरवर एकेचाळीस हजार किलोमीटर होते. चंद्रपूरचा विक्रेता भूपेश याने सांगितले होते की गाडी एका डॉक्टरीणबाईंची, फक्त रविवारी देवळात जायची. ऊन चढण्याआधी मासोळी चंद्रपूरच्या बाजारात पोचावी, एवढ्यासाठी लटारू आणि त्याची बायको सुगंधाबाई यांनी बारा वर्षांची बचत या गाडीत घातली. तिसऱ्याच दिवशी गाडी मूल गावाच्या अलीकडे बंद पडून बसली आणि टोपल्यांतली मासोळी जागेवर नासली.

मिस्त्री गोपालने गाडीत डोकावले, मग बोनेट उघडले. क्लचच्या पायडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते आणि आत कोपऱ्यात ऑइल बदलल्याची जुनी चिठ्ठी चिकटलेली होती. तिच्यावर आकडा होता दोन लाख चौदा हजार.

"लटारूभाऊ," गोपाल म्हणाला, "डॉक्टरीणबाईचं देऊळ काशीले होतं काय?"

भूपेशने अत्यंत नम्रपणे खुलासा केला की चिठ्ठी दुसऱ्या गाडीची असावी. तरी संशय असेल तर लेखी पुरावा आणा, गाडी परत घेतो. लटारूने गाडीचे कागद नीट वाचले. त्यात डॉक्टरीणबाई कुठेच नव्हत्या. गाडी एका ठेकेदाराची होती आणि पाच वर्षे आलापल्लीकडच्या वनखात्याच्या एका सरकारी कार्यालयात भाड्याने लागलेली होती. सरकारी म्हटले की फेऱ्यांची वही आलीच. लटारूला हायसे वाटले आणि तो एसटीने निघाला.

कार्यालयातल्या इस्तारीबाबूंनी वही काढून दिली. शेवटची नोंद तीन लाख सहा हजारांची होती. तेवढे एका ओळीत लिहून द्या, अशी विनंती करताना लटारूने भाबडेपणाने चिठ्ठीही पुढे केली. चिठ्ठी गाडी कार्यालयातून सुटली त्याच महिन्याची होती. इस्तारीबाबूंचे पेन थांबले. गाडी दोन लाख चौदा हजार चालली असेल, तर वहीतले वरचे ब्याण्णव हजार किलोमीटर कोणी तुडवले आणि त्यांचे डिझेल कोण प्यायले, असा प्रश्न उभा राहत होता. प्रश्न उभा राहिला की त्याला बसवण्यासाठी समिती लागते. ती नेमली गेली.

समिती चार महिने बसली. तोवर गाडी लटारूच्या दारात उभी होती आणि सुगंधाबाई पुन्हा एसटीच्या मागच्या सीटवर टोपली घेऊन, लोकांची नाके मुरडलेली पाहत चंद्रपूर गाठत होती. शेवटी अहवाल आला:

"सदर वाहन गस्तीवर असताना समोर वारंवार वाघ आल्याने, तसेच दुतर्फा सागवान असून वळण्यास जागा नसल्याने, वाहन उलट चालविण्यात आले. उलट चाललेले किलोमीटर मीटरमधून आपोआप वजा झाले; वहीत मात्र ते नियमानुसार अधिक धरण्यात आले. सबब मीटर, चिठ्ठी व वही यांतील तिन्ही आकडे बरोबर आहेत."

मीटर उलट फिरत नाही, हे लटारूने परोपरीने सांगून पाहिले. इस्तारीबाबूंना त्याची खरोखर दया आली. "तुमचं बरोबर आहे भाऊ," ते म्हणाले, "पण आता वाघाले साक्षीले बलावता काय?"

अहवाल वर गेला. गाडीला इतके मागे रेटायला किती वाघ लागले असतील, याचे गणित मांडून वरच्यांनी कार्यालयाला संवर्धनाबद्दल प्रशस्तिपत्र दिले. भूपेशने अहवालाची प्रत दुकानात फ्रेम करून लावली. एकेचाळीस हजार आता सरकारी सत्य होते, त्यामुळे गाडी परत घेण्याचा विषयच उरला नव्हता.

गाडी विकून निदान एक जुनी टमटम घ्यावी, असे नवराबायकोने ठरवले. मीटर दाखवतो तेवढे सांगू, असे लटारूचे मत पडले. सुगंधाबाई ऐकेना. "शिळी मासोळी आपण शिळी म्हणूनच विकतो," ती म्हणाली. "गाडीले काऊन येगळा कायदा?" लटारूला मनातून तिचा अभिमान वाटला आणि त्याने काचेवर पाटी लावली: मीटर खोटा आहे, गाडी दोन लाखांवर चालली आहे. दीड महिना गिऱ्हाइके येत होती, पाटी वाचत होती आणि चहाही न घेता जात होती.

शेवटी धनराज गुरुजी आले. शाळेत मूल्यशिक्षण तेच शिकवत. गाडी त्यांना आवडली, किंमतही पटली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "लटारूभाऊ, इतकं खरं लिहून ठेवलं त मी घरी काय सांगू? पाटी काढा. मी काई वाचलं नाई."

आणि ते खरोखरच रस्त्यावर जाऊन गाडीकडे पाठ करून उभे राहिले. लटारूने सुगंधाबाईकडे पाहिले. तिने रिकाम्या टोपल्यांकडे पाहिले आणि ती आत गेली. पाटी निघाली. गुरुजी परत आले आणि पहिल्यांदाच येत असल्यासारखे त्यांनी विचारले, "किती चालली गाडी?"

"तुमाले किती पायजे?" लटारू म्हणाला.

गुरुजींनी क्षणभर गंभीरपणे विचार केला. "पस्तीस हजार बरे दिसतील."

गुरुजींना जरूर हसा. फक्त त्याआधी एवढे सांगा, ती पाटी वाचून तुम्ही चहाला थांबला असता का?