परांचीवर चढलेली मागणी

परांचीचे नियम या बुलढाण्यात माझ्याइतके कोणाला पाठ असतील, तर त्याने समोर यावं! नगरपालिकेच्या बांधकाम विभागात माझी सगळी नोकरी गेली. रस्त्यावर एक बांबू रोवायचा तरी परवानगीसाठी माझ्या टेबलापाशी यावं लागे. त्यामुळे स्वतःच्या घराला रंग द्यायचा ठरवला, तेव्हा रीतसर परवानगी काढली, भिंतीला बांबूंची परांची उभी केली, जाळी बांधली, ‘सावधान’ अशी पाटीही टांगली.

रंगाचं कारण आमचा दीपक. तो पुण्यात असतो. मागे आला तेव्हा म्हणाला, “भिंतींना ओल आहे, पोरांना खोकला होतो.” त्यानंतर आलाच नाही. माझी बायको रुख्मिणी गेल्यापासून ओलीकडे बघणार कोण? रंग झाला की पोरगा येईल, एवढीच माझी आशा.

जीवन मिस्त्री मात्र बेल्ट न बांधताच परांचीवर चढायला लागला.

“काका, मी आजवर कधी पडलो काय?”

“थांब, दाखोतो तुले.”

मी वर चढलो, कमरेला बेल्ट आवळला, पाठीमागचा हूक बांबूच्या दोरात अडकवला. जीवनने कौतुकाने मान डोलावली आणि माणसं घेऊन जेवायला निघून गेला. मग हूक निघेना, बेल्टचं बक्कलही सुटेना. या वयात माझे हात पाठीपर्यंत पोचत नाहीत.

समोरच्या कोकिळाबाईंनी पाहिलं. आपल्याकडे कोणी उंचावर चढून बसला की ते आंदोलनच असतं.

“काका वर काऊन बसून राह्यले हो?”

“उपोषण दिसते.”

बघता बघता गल्ली भरली. एकाने मोबाईल वर धरला. “काका, मागणी सांगा. आमी पाठीशी हाओ.”

अडकलोय, एवढंच सांगायचं होतं. पण रुख्मिणीच्या तेरवीनंतर माझ्या दारात इतकी माणसं आली नव्हती. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. मी गप्प बसलो. गप्प बसलेल्याची मागणी मोठीच असणार, असं लोकांनी धरलं.

“नळाचं पाणी असन.”

“पाण्याचंच हाय!”

घोषणा सुरू झाल्या. नगरपालिकेतून प्रेमानंद धावत आला. माझ्याच हाताखाली तयार झालेला.

“काका, परवानगी रंगाची हाय, आंदोलनाची नाही. रद्द करा लागते. तुमीच शिकवलं मले.”

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दीपक! व्हिडिओ पुण्याला पोचला होता. कुण्या साहेबाचा फोन असेल म्हणून खाली सगळे चिडीचूप झाले.

“बाबा, हे काय चाललंय? मागणी काय आहे तुमची?”

त्याने पहिल्यांदाच मला असं काही विचारलं होतं. खाली ऐकू जाऊ नये म्हणून मी हळूच बोललो.

“काही नाही रे बापू. बेल्ट अडकला.”

“एवढंच ना? बरं. मीटिंग आहे, ठेवतो.”

जेवून आलेल्या जीवनने हूक काढला. प्रेमानंदने परवानगी रद्द केली आणि संध्याकाळच्या आत परांची उतरली. ओलीची भिंत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या सगळ्या नळांना धो धो पाणी आलं. कोकिळाबाई हात जोडून म्हणाल्या, “काका, झाली ना तुमची मागणी पुरी?”

“हाव,” म्हणालो, आणि बादली नळाखाली लावली.