गोठ्याची सरासरी

मालकाचा गोठा नफ्यात चालला होता. बाब गंभीर होती, कारण हा नफा त्याने कोणत्याही योजनेचा लाभ न घेता, चार साध्या गाईंच्या जोरावर, परस्पर मिळवला होता. पशुसुधारणा अधिकारी जातीने चौकशीला आले. त्यांनी गाईंकडे पाहिलं आणि मग मालकाकडे सहानुभूतीने पाहिलं.

"यांच्या आईवडिलांची काही माहिती?"

"आई इथलीच. वडील येऊन जाऊन असायचे," मालकाची बायको म्हणाली.

वंशमूल्य नसलेल्या गाईपासून होणारा नफा शास्त्रीयदृष्ट्या योगायोगात मोडतो, असं अधिकाऱ्यांनी समजावलं आणि आठवड्याभरात एक सुधारित गाय पाठवून दिली. गाय देखणी होती, धिप्पाड होती आणि गोठ्याच्या दारातून आत जात नव्हती. विभागाच्या मते गाय बरोबर होती, दार चुकलं होतं. दार पाडलं. मग तिला उकाडा सोसेना म्हणून पंखे आले, घरचा चारा पचेना म्हणून बाहेरून खुराक आला. मालकाचे वडील तिला 'मॅडम' म्हणू लागले. तिच्यासमोर शिव्या द्यायचंही त्यांनी सोडलं.

मॅडम दूध मात्र बदाबदा देत. त्या भाराने सड सुजत, मग इंजेक्शनं चालू होत, आणि औषधातलं दूध माणसाने प्यायचं नसतं म्हणून ते बादल्या भरभरून गटारात जाई. जरा बरं वाटलं की पुन्हा दूध, पुन्हा सूज.

"साहेब, यात नफा कुठाय हो?" मालक रडकुंडीला आला.

"दूध निघतंय ना? आमचा संबंध निघण्याशी. पुढे ते कुठे जातं, तो दुसऱ्या विभागाचा विषय. आणि खरा नफा पुढच्या पिढीत असतो."

"कुणाच्या? तिच्या का आमच्या?" वडिलांनी विचारलं.

अधिकाऱ्यांना अडचण भलतीकडेच दिसत होती. साध्या गाईंमुळे गोठ्याच्या वंशमूल्याची सरासरी खाली येत होती. तीन गाई विकल्या, तशी ती झपाट्याने वर गेली. उरली चौथी, बुटकी. तिच्यापुढे मालकाची बायको आडवी उभी राहिली.

"हिला हात लावाल तर याद राखा! माझी दोन्ही पोरं हिच्या दुधावर वाढलीत. ही गेली तर मीपण माहेरी जाते. मग काढत बसा सरासरी."

बुटकी राहिली. विभागाने मोठं मन करून फाटकावर पाटी लावली : 'उच्च वंशमूल्य गोठा'. आणि काय आश्चर्य, गोठा पुन्हा नफ्यात आला.

पाटी वाचून गाड्या थांबू लागल्या. भाव दुप्पट झाला, मग चौपट. गिऱ्हाइकं मॅडमच्या पाठीवरून हात फिरवत आणि दूध नेत ते बुटकीचं, कारण गटारात न जाणारं दूध तेवढंच होतं. "रक्तच बोलतं हो दुधात!" एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले. एका प्राध्यापकांच्या मुलीचं गणित सुधारलं.

मालकाच्या बायकोला ते बघवेना. राबायचं बुटकीने आणि कौतुक मॅडमचं! एका सकाळी तिने भर रांगेत सांगून टाकलं, "अहो, तुम्ही रोज पिता ते दूध हिचं आहे. या बुटकीचं. तिला एकदा तरी थोपटा."



रांगेत सगळ्यांत पुढे आपणच होतात, वाचकमहाशय. आपण आधी बुटकीकडे पाहिलंत, मग हातातल्या बरणीकडे. "म्हणजे वर्षभर आम्हाला साध्या गाईचं दूध पाजलंत?" आपल्या मागच्या बाईंना लगेच मळमळू लागलं. ही गाय इथे राहणार असेल तर आम्ही येणार नाही, असं आपण सर्वांच्या वतीने बजावलंत.

दुपारी टेम्पो आला. मालकाची बायको बुटकीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मालकाने तिचे हात सोडवले, पण वर मान करून तिच्याकडे पाहण्याची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने चौकातल्या दुकानातून पिशव्यांचं दूध आणलं, बादलीत ओतलं आणि किंचित कोमट केलं. आपण बरणी भरून घेतलीत, तिथेच एक घोट घेतलात आणि समाधानाने डोळे मिटलेत.

"हं, आता कसं! फरक लगेच कळतो."