कुटुंब बदलून मिळण्याबाबत

काटेवाल्यांच्या योजनेत रतीभरही फरक पडत नाही. असं दुसरं कुणी म्हणत नाही, काटेवाले स्वतःच म्हणतात. पण दिवसातून दोनदा म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला खरं वाटायला लागतं.

वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. वाण्याचा तराजू, रद्दीवाल्याचा टांगता काटा, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा, कुणाचंही डोकं फिरलं की ते इथे भरती. काटेवाले स्टुलावर बसायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि काटा असा सरळ करायचे की त्याने पुन्हा खोटं बोलायची हिंमत करू नये. एवढं मात्र खरं की स्टुलावरून उठताना ते दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून “अगं आई गं” म्हणायचे. त्याचा योजनेशी संबंध नाही, असं त्यांचं मत होतं.

तर योजना अशी. त्यांची बायको बालवर्गाची शिक्षिका. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. सात वर्षांची असताना तिने एका जुन्या मासिकात गोरिलाचा फोटो पाहिला होता आणि त्याचे डोळे पाहून म्हणाली होती, “याला काहीतरी सांगायचंय.” तेव्हापासून तिच्या मनात एकच, आयुष्यात एकदा याला जंगलात जाऊन भेटायचं. पुस्तकात ‘ग गवताचा’ होता, पण बाईंच्या वर्गात सत्तावीस वर्षं ‘ग गोरिलाचा’ चालू होता. पोरं घरी जाऊन गोरिला काढायची, आणि आजोबा विचारायचे, “माझं चित्र काढलंस का रे?”

आता दोन महिन्यांत बाई निवृत्त होणार होत्या. काटेवाल्यांनी गुपचूप ठरवलं, निवृत्तीच्या दिवशी हातात आफ्रिकेचं तिकीट ठेवायचं. वाटाड्याबरोबर डोंगर चढायचा, गोरिला बघायचे, आणि बाईंचा चेहरा बघायचा. गोरिलांपेक्षा त्यांना तो चेहराच जास्त बघायचा होता. सहल कंपनीच्या मॅडमनी मोठ्या मिनतवारीने दोन परवाने मिळवले. दिवसाला मोजक्याच माणसांना सोडतात. हा दिवस गेला तर पुढच्या वर्षाच्या गोष्टी.

घोडं अडलं ते एका शब्दावर.

गोरिला एकेकटे राहत नाहीत, कुटुंबाने राहतात. परवाना मिळतो तो एका ठरावीक कुटुंबाचा. काही कुटुंबं पायथ्याशी असतात, ती सोपी. काही पार डोंगराच्या टाळक्यावर, ती अवघड. काटेवाल्यांच्या वाट्याला आलं होतं सगळ्यात अवघड कुटुंब.

आणि काटेवाले पडले जुन्या वळणाचे. वडील जसे बायकोला चारचौघांत ‘आमचं कुटुंब’ म्हणायचे, तसंच तेही म्हणायचे.

गुरुवारी दुपारी त्यांनी दुकानातून मॅडमना फोन लावला.

“मॅडम, आमच्या कुटुंबाचा गुडघा दुखतो हो.”

“अरेरे,” मॅडम म्हणाल्या, “कुठल्या? मोठ्या नराचा का? आम्हाला काही कळवलं नाही कुणी.”

“नर कसला, आमच्या मंडळींचा. म्हणून म्हणतो, कुटुंब बदलून द्या.”

इथपर्यंत ठीक होतं. पण नेमक्या याच वाक्याला बाई डबा घेऊन दुकानात आल्या. मधल्या फळीवर टांगत्या काट्यांची रांग होती. पलीकडे काटेवाले, अलीकडे बाई. मॅडमचं बोलणं फोनमध्ये राहिलं आणि काटेवाल्यांचं तेवढं बाईंच्या कानावर पडलं.

“हो, विचार करूनच सांगतोय. हे कुटुंब मला झेपणार नाही... फोटोत बघितलं ना, फोटोत सगळंच चांगलं दिसतं... जरा सोपं द्या. शांत असेल तर सोन्याहून पिवळं... तासभरच बसायचं? पुष्कळ झालं. त्याहून जास्त कुणाला पाहिजे?... नाही नाही, मी लांबूनच बघेन, अंगाला हात लावणार नाही... तेवढं एक करा मॅडम, आमच्या घरी यातलं काही कळता कामा नये.”

बाईंनी डबा समोरच्या काट्यावर ठेवला. काटा एक किलो चारशेवर जाऊन थांबला. बाई आल्या पावली परत गेल्या. काटेवाले फोन ठेवून बाहेर आले, म्हणाले, “वा, आज डबा लवकर आला,” आणि मनसोक्त जेवले.

बाई रडल्या नाहीत. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणारी बाई अशी रडत नाही. ती आधी गप्प बसते आणि मग वर्गाला घाम फुटतो. संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यांनी विचारलं, “भाजी वाढू? झेपेल?”

“वाढ की.”

“नाही, फोटोत चांगली दिसते म्हणून विचारलं.”

काटेवाले हसले. त्यांना वाटलं, निवृत्ती जवळ आली तशी हिची कळी खुलायला लागली. जेवण झाल्यावर बाईंनी आपली खुर्ची उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. “तुम्हाला लांबूनच बघायला आवडतं ना,” त्या म्हणाल्या. काटेवाल्यांना वाटलं, हिला दिव्याचा त्रास होतोय. ते उठले आणि दिवा बारीक केला. दिवा बारीक झाल्यावर बाईंना रडू आलं, पण ते त्यांना दिसलं नाही.

शुक्रवारी मॅडमनी अर्ज पाठवला. दोन पानी. पहिल्या पानावर ठळक अक्षरात सहलीचं नाव आणि मधोमध हा एवढा गोरिला. दुसऱ्या पानावर रकाने, आणि खाली दोघांच्या सह्या. शनिवारी दुपारी एकच्या आत अर्ज पोचला नाही, तर दोन्ही परवाने रांगेतल्या पुढच्या माणसांना जाणार.

काटेवाल्यांनी पहिलं पान खणात दडवलं. बाई कुठलाही कागद न वाचता सही करतात, हा सत्तावीस वर्षांचा अनुभव. पेन हातात द्यायचं, त्या विचारणार “कुठे करू?”, आपण बोट ठेवायचं. योजना चोख होती.

शनिवारी साडेअकराच्या सुमारास त्यांनी दुसरं पान बाईंपुढे ठेवलं. “एवढी एक सही दे गं. किरकोळ कागद आहे.”

बाईंनी चष्मा लावला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘कुटुंब बदलून मिळण्याबाबत.’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाक्य तेच होतं.

“हा किरकोळ कागद?” त्या म्हणाल्या.

“अगं, आजकाल सगळेच करतात. अर्ज भरला की दोन दिवसांत दुसरं मिळतं.”

बाईंनी कागद घडी करून मुठीत धरला आणि धाकट्या भावाला फोन केला. भाऊ सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. पंधरा मिनिटांत तो दारात हजर. मेहुण्यांना असं अवेळी पाहून काटेवाले म्हणाले, “या या, चहा घेणार?”

“चहा नंतर,” हेडक्लार्क म्हणाला. “भाऊजी, तुम्हाला मी देवमाणूस समजत होतो.”

“मग आता काय झालं?”

“तेच विचारायला आलोय. ताईत काय कमी आहे?”

“काहीच नाही. हिने फक्त सही करायची आहे. एकच्या आत.”

“एकच्या आत,” बाई भावाला म्हणाल्या. “मुहूर्त सुद्धा काढलाय बघ.”

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता काटेवाल्यांना खरंच घाम फुटला. सांगावं, तर दोन महिने जपलेला आनंद आत्ताच फुकट जाणार. न सांगावं, तर गोरिलाच जाणार. ते घरातल्या स्टुलावर बसले, उठले, “अगं आई गं” म्हणाले आणि पुन्हा बसले.

“असं बघ,” ते अजिजीने म्हणाले, “तुझ्याच भल्यासाठी करतोय. तुला अवघड कुटुंब झेपणार नाही.”

“मला?” बाई म्हणाल्या. “कुटुंब मी आहे ना? मग मी मला कशी झेपणार नाही?”

हेडक्लार्कने बहिणीच्या मुठीतून कागद सोडवला आणि जन्मभराच्या सवयीने मोठ्याने वाचायला घेतला. “सध्याचे कुटुंब: अवघड.” त्याने काटेवाल्यांकडे रोखून बघितलं. “बदलाचे कारण: पत्नीचा गुडघा.”

“माझा गुडघा?” बाई म्हणाल्या. “माझ्या गुडघ्याला काय धाड भरली आहे?”

“थांब ताई, रकाने क्रमाने घ्यायचे. हवे असलेले कुटुंब: सोपे.” त्याने दात-ओठ खाल्ले. “सदस्यसंख्या: अकरा ते चौदा.” तो थांबला. पुन्हा वाचलं. “भाऊजी, अकरा ते चौदा?”

“तेवढे असतात साधारण,” काटेवाले म्हणाले.

“पैकी पांढऱ्या पाठीचा नर: एक. पिल्ले: तीन.” हेडक्लार्कने कागद उलटा करून पाहिला. “पान दोन. ताई, हे पान दोन आहे. पान एक कुठे आहे?”

आयुष्यभर फायली चाळलेला माणूस. सगळ्या घरात हा प्रश्न त्यालाच सुचू शकत होता. काटेवाल्यांनी घड्याळाकडे बघितलं. बारा पंचवीस. मग मान खाली घालून खण उघडला आणि पहिलं पान बाईंच्या हातात दिलं.

पानावरचा गोरिला बाईंकडे बघत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्या हसायलाही लागल्या, दोन्ही एकदमच. काटेवाल्यांना जो चेहरा दोन महिन्यांनी बघायचा होता तो आत्ताच समोर होता, आणि तो त्यांनी मनात धरला होता त्याहून कितीतरी चांगला होता.

“वेड्या माणसा,” बाई म्हणाल्या, “सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर गंमत राहिली नसती.”

“गुरुवारपासून मी पुष्कळ गंमत अनुभवली आहे,” बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. “पेन द्या. कुठे करू?”

काटेवाल्यांनी बोट ठेवलं. पण पेन सहीकडे गेलंच नाही. बाईंनी ‘सोपे’वर काट मारली आणि वर वळणदार बालवर्गी अक्षरात लिहिलं, ‘अवघडच.’

“अगं, सहा तासांची चढण आहे!”

“असू दे. सत्तावीस वर्षं चाळीस पोरं आणि घरी तुम्ही. सोप्याची मला सवय नाही. आणि माझा गुडघा ठणठणीत आहे. मग दुखतो कुणाचा?”

बहीण-भाऊ दोघंही स्टुलाकडे बघायला लागले. स्टुलावर काटेवाले दोन्ही हात आपल्या दोन्ही गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांनी हात काढून घेतले, पण उशीर झाला होता.

“खाडाखोड झाली आहे,” हेडक्लार्क म्हणाला. “इथे भाऊजींची सही लागेल. कारणाच्या रकान्यातही दुरुस्ती लागेल. ‘पत्नीचा’ खोडून ‘स्वतःचा’ लिहा.”

बारा पन्नासला अर्ज मॅडमच्या टेबलावर पडला. मॅडमनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, “म्हणजे कुटुंब बदलायचं नाही?”

“नाही,” काटेवाले म्हणाले. “आहे तेच राहू दे.”

तेव्हापासून रोज सकाळी बाई नवऱ्याला घेऊन पाण्याच्या टाकीची टेकडी चढतात. जंगलात चढायचं तर आधी सराव हवा, अशी ही नवी योजना आहे, आणि ती बाईंची असल्यामुळे तिच्यात खरोखरच रतीभर फरक पडत नाही. बाई पुढे असतात, काटेवाले मागून येत असतात, बरेच मागून. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं, की हमखास विचारतं, “काय काटेवाले, आज इकडे कुठे?”

बाई वरून उत्तर देतात, “ह्यांना कुटुंब झेपतंय का, ते बघतेय.”

काटेवाले यावर काही बोलत नाहीत. बोलायला श्वास लागतो.