कुसळवाडीचा मुक्काम

रामकिशन मास्तरांनी आयुष्यात एकच बढाई मारली, आणि ती नेमकी संगप्पा ड्रिल मास्तरांच्या पुढ्यात. लोह्याच्या शाळेत पेपर तपासता तपासता कुणीतरी म्हणालं, की लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं, एकदा बघून आलं पाहिजे. तेव्हा चहाच्या भरात मास्तर बोलून गेले, "त्यात काय एवढं? आमी पायी जात होतो लातूरला." खरं म्हणजे ते दिवस मावळल्यावर शाळेच्या मागं एकटे जात नसत. कुत्रं, साप, विंचू, वळू आणि अनोळखी माणूस या सगळ्यांना ते सारखेच भीत.

"मंग ठरलं!" संगप्पांनी टेबलावर थाप मारली. "सुट्टी लागली की निघायचं. मोटर न्हाई, लॉज न्हाई. रानात मुक्काम. शाळेचा तंबू मी घेतो."

मास्तरांची शेवटची आशा होती बायको. ती अडवील, रडेल, शपथ घालील असं त्यांना वाटलं. पण त्या वर्षी पाऊस असा काही दगा देऊन गेला होता, की लोह्यात आठवड्यातून एकदा नळ येई. सिंधुताईंनी मुकाट्यानं दशम्या बांधल्या आणि म्हणाल्या, "जावा की. तेवढंच पाणी वाचंल."

पहिला मुक्काम माळाकोळीच्या अलीकडं एका नांगरलेल्या वावरात पडला. मास्तर बूट घालून, बॅटरी छातीशी धरून झोपले. म्हणजे झोपले नाहीतच. दुसऱ्या दिवशी उन्हात पाय भाजत, सावली बघून बसत, दिवस कलता ते कुसळवाडीला पोचले. तीस-चाळीस घरं, उघडा माळ आणि एक लिंबाचं झाड. त्या झाडाखाली संगप्पांनी तंबू ठोकला. तंबूवर काळ्या रंगात मोठी अक्षरं होती : जि. प.

पहाटे उजाडताना मास्तरांचा डोळा लागला होता, तोच कसली तरी चाहूल लागली. त्यांनी डोळे उघडले. तंबूच्या कापडावर चारी बाजूंनी सावल्या होत्या. काही बसलेल्या, काही उभ्या. उभ्यांच्या खांद्यांवर कुऱ्हाडी.

"संगप्पा," ते कसेबसे पुटपुटले, "आपलं संपलं."

संगप्पांनी तंबूचं तोंड उघडलं. बाहेर वाडीतल्या सगळ्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. मागं सरपणाला निघालेली माणसं उभी होती. पुढं एक वाळकी, ताठ म्हातारी. तिचं नाव पारूबाई.

"उठला का सायेब?" ती म्हणाली. "टँकर कवा येतो आमचा?"

आम्ही साधे मास्तर आहोत, एवढंच सांगायचं होतं. पण रामकिशन मास्तरांची नजर कुऱ्हाडींवर खिळलेली. तोंडातून एकच शब्द सुटला, "उद्या."

"काय बोलून बसला तुमी?" संगप्पा कानाशी लागले.

"मी न्हाई बोललो. भीती बोलली."

दोघांनी घाईनं तंबू गुंडाळायला घेतला. तेवढ्यात वाडीचा कारभारी नरसिंग अलगद येऊन तंबूच्या दोरीवरच बसला. "आता कसं जाऊ द्यावं सायेब तुमाला?" तो अगदी मायेनं म्हणाला. "जुन्या जिल्ह्यात गेलं की म्हन्तेत, तुमी आता नव्यात गेलात. नव्यात गेलं की म्हन्तेत, तुमच्या वाडीचं दप्तर अजून आलं न्हाई. आमी हाव कुठं, तेच कुनाला ठावं न्हाई. तवा असं करू. एक सायेब टँकर आनाया जाऊ द्या, एक आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"मी जातो," संगप्पा म्हणाले, आणि कवायतीच्या चालीनं असे निघाले, की मास्तरांना हाक मारायलाही सवड मिळाली नाही.

मास्तरांची सोय पारूबाईच्या छपरात झाली. खाट, गोधडी, दोन वेळची भाकरी. पण ते कुठंही निघाले, तरी दोन माणसं काठ्या घेऊन मागं येत. सकाळी टमरेल घेऊन निघाले तरीही.

"साप-किरडू असतंय, सायेब," माणसं आदरानं तोंड फिरवून उभी राहत. त्या आदरापुढं मास्तरांचं पोटच धरून बसलं.

दुपारी वाडी उन्हानं निपचित पडलेली पाहून त्यांनी पळ काढला. माळाच्या टोकापर्यंत पोचलेही. तिथं तीन कुत्री आडवी आली. मास्तर गेले त्याच्या दुप्पट वेगानं परत आले आणि आपणहून खाटेवर जाऊन बसले.

"लई घामाघूम झालात," म्हणत पारूबाईनं त्यांच्यापुढं तांब्या धरला. अर्धाच भरलेला. मास्तरांनी तो एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितला. म्हातारी घागर उचलून उन्हातच निघाली.

एकटं बसण्याची भीती, म्हणून मास्तर तिच्या मागं गेले. कोसभर चालल्यावर एक विहीर आली. मास्तरांनी वाकून पाहिलं, तर तळाशी एक बाई बसून वाटीनं ओल खरवडत होती. वाटी भरली की घागरीत, मग पुन्हा झरा भरायची वाट. वर अठरा बाया नंबर धरून होत्या. पारूबाईचा नंबर सांज होता होता लागला.

परत येताना मास्तरांनी तिला घागरीला हात लावू दिला नाही. डोक्यावर घेतली, मान थरथरली, पण सांडू दिली नाही. त्या रात्री त्यांनी पाणी मागितलं नाही. दुसरा दिवस ते अर्ज लिहीत बसले. घरटी एक अर्ज, खाली आंगठा. असं मुद्देसूद त्यांनी कधी फळ्यावरही लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माळावर धूळ उठली. जीप! आणि जीपमध्ये खाकी कपडे. तोतया साहेब म्हणून आता बेड्या, निलंबन, पेपरात फोटो! मास्तर कणगीमागं जाऊन बसले.

"कुठं हाय तो मास्तर?" नायब तहसीलदार ओरडत उतरले. "जिवंत हाय का?"

मास्तर हात जोडून बाहेर आले. "साहेब, गुन्हा झाला. मी साहेब न्हाई. मी फक्त भेलो होतो. या बिचाऱ्यांना मी फसवलं."

"कोनाला फसवलं?" पारूबाईनं पदर सावरला. "आमाला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. सायेब कवा पायी येतो व्हय?"

मास्तरांनी जोडलेले हात सोडले. "मंग मला काहून अडकवलं?"

"सहा म्हैने अर्ज करून राहिलो, कोन आलं न्हाई," नरसिंग खाली बघत म्हणाला. "म्हनलं, अडानी मानूस हरवला तर कोन हुडकनार? एक शिकलेला हरवून बगू."

जीपमधून उतरलेल्या संगप्पांनी मास्तरांना बाजूला ओढून हकिकत सांगितली. कचेरीत त्यांनी दीड दिवस टँकर मागितला, कुणी मान वर केली नाही. मग रडत सांगितलं, की पाणी शोधता शोधता शेजारच्या जिल्ह्याचा मास्तर तुमच्या हद्दीत गायब झालाय. तशी सगळी कचेरी उभी राहिली. मास्तर तहानेनं मेला-बिला तर बोभाटा नको, म्हणून जीपमागं टँकरही निघाला.

तो टँकर आता धापा टाकत माळ चढत होता. बाया धावत सुटल्या. नायब तहसीलदारांनी तो भांड्यांचा कल्लोळ पाहिला, मास्तरांनी पुढं केलेला अर्जांचा गठ्ठा पाहिला, आणि घाम पुसत म्हणाले, "दप्तर येऊ द्या न्हाई तर न येऊ द्या, दिवसाआड टँकर येईल." पंचनाम्यावर 'मास्तर सुखरूप सापडले' असं लिहून जीप गेली.

संगप्पांनी तंबू खांद्यावर टाकला. तेवढ्यात माळाच्या पलीकडून चार माणसं आली. शेजारच्या वाडीची. त्यांच्या खांद्यावर एक रिकामी खाट होती. त्यांनी ती मास्तरांपुढं ठेवली आणि हात जोडले.

"मास्तर, आमच्याकडं बी कोन येत न्हाई. फकस्त दोन दिस ऱ्हावा. गादी बी टाकतो."

मास्तरांनी लातूरच्या वाटेकडं पाहिलं, चार माणसांकडं पाहिलं, आणि अंग चोरून खाटेवर बसले.

"संगप्पा," ते बारीक आवाजात म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी हरवलो म्हणून सांगा. आणि रडताना या बारीला जरा मोठ्यानं रडा."