रामदासपेठेतील नऊ व्होल्टांची मोहीम

श्री विद्युल्लता प्रसन्न. पृथ्वीतलावर जे जे थोर संग्राम जाहले, त्यांत कोठे तख्त फुटले, कोठे लाख फौज नदीपार होता होता बुडाली; परंतु शके अठराशे पंच्याण्णव, वैशाख मासी, नागपूर शहरी, रामदासपेठेत जो संग्राम जाहला, तैसा पूर्वी न जाहला, पुढे होणे कठीण. सबब त्याची हकीकत तपशीलवार लिहिली पाहिजे. संग्राम नऊ व्होल्टांचा होता.

वर्तमान ऐसे जे, राजमान्य राजेश्री रुपराव वैरागडे, कचेरीतील थोरले कारकून, यांचे घरी एक ट्रान्झिस्टर रेडिओ होता. तो सेलांवर चाले, आणि सेल वरचेवर मरत, आणि मेले की गच्चीवर उन्हात वाळत घालून पुन्हा भरती करावे लागत. मग रुपरावांचे चित्ती आले की घरच्या विजेतून नऊ व्होल्ट काढून रेडिओ चालवील ऐसे यंत्र, ज्यास बाजारी एलिमिनेटर म्हणतात, ते स्वहस्ते सिद्ध करावे. तयार मिळत होते. परंतु तयार आणणे मर्दुमकीस कमीपणा. कोणापाशी शिकावे, तर तेही नामंजूर. मग सीताबर्डीच्या फुटपाथावरून या विद्येचे एक जुने पुस्तक हस्तगत केले आणि ट्रान्सफॉर्मर, डायोड, कंडेन्सर आणि डाग द्यावयाची सळई ऐसा सरंजाम जमविला.

पुस्तकाचे प्रथम प्रकरण ‘सावधगिरी’. ते पाहून रुपराव हसले, आणि हे भित्र्यांकरिता, ऐसे बोलून एकदम सातव्या प्रकरणावर घोडे घातले. पाठीशी ठाणे न जिंकता सोडून मुलखात शिरणे हा युद्धशास्त्री मोठा दोष. परंतु नवशिक्यांची तमाम फौज याच वाटेने जाते, ऐसा दस्तूर आहे.

इकडे कामठीहून खलिता आला की मनकर्णाबाईंची भाची जया हिचे गाणे येत्या रविवारी सायंकाळी नागपूर केंद्रावरून लागणार. मनकर्णाबाई म्हणजे रुपरावांचे कुटुंब, आणि घरची सर्व सत्ता तेथे. बाई हर्षभरित जाहल्या आणि फर्मान सुटले की नवे सेल आणावे. तेव्हा रुपरावांनी मान खाली घालून अर्ज गुजारला की सेल बसावयाची स्प्रिंग काल उपटून टाकिली, आता सेल आणून उपयोग नाही.

“अवो, काहून उपटली?” बाई बोलल्या. “चालून राहिलं होतं न चांगलं! आता जयाचं गाणं मी कुठं आयकू? त्या भैयाजीच्या घरी जाऊ?”

भैयाजी म्हणजे शेजारी. पुरुषांचा सलोखा होता. परंतु दोन्ही घरच्या बायकांत नळाच्या पाण्यावरून तंटा पडून दोन उन्हाळे अबोला चालला होता, आणि त्या दारी रेडिओ ऐकण्यास जाणे म्हणजे शरणचिठ्ठी लिहून देणे. सबब हुकूम जाहला की रविवारी गाणे वाजले तर बरे, न वाजले तर हा सर्व सरंजाम सोमवारी कबाडीच्या ठेल्यावर चढेल.

मग रुपराव इरेस पडले, आणि शनिवारी दोनप्रहरी पहिली चढाई केली. ऊन ऐसे की बाईंनी गारव्यास्तव खोलीभर पाणी शिंपडले होते. चपला घराण्याच्या शिस्तीप्रमाणे उंबऱ्याबाहेर. खासा स्वारी ओल्या फरशीवर अनवाणी बैसली, आणि प्लग नव्हता म्हणून तारांची उघडी टोके सॉकेटात घालून आगपेटीच्या काड्यांनी ठोकून बसविली, जैसे या शहरी घरोघर करितात. मग बटण दाबून, ट्रान्सफॉर्मर हलतो की काय म्हणून सांध्यास बोट लाविले.

त्यासमयी जे जाहले ते लिहिता लेखणी कापते. रुपराव मागे उडाले ते गव्हाच्या कोठीवर आदळले, आणि तारा एकमेकींस भिडून मोठा आवाज जाहला, आणि फ्यूज गतप्राण होऊन पंखा थांबला. हात हलतो, जीव आहे, ऐसे पाहून मनकर्णाबाईंस आधी रडू आले, आणि मग राग आला, आणि राग पुष्कळ वेळ टिकला.

आवाज ऐकून भैयाजी खिडकीशी येऊन पुसते जाहले. “काहून गा रुपराव, दिवाळी करून राहिला का वैशाखात? गाणं आयकाले आमच्या घरी येऊन जा न उद्या, वहिनीले घेऊन. आमची घरवाली बी वाटच पाहून राहिली.”

हे शेवटचे वाक्य मनकर्णाबाईंनी ऐकिले. खिडकी लागली. मग बाईंनी पुस्तक उचलून, पहिले पान उघडून नवऱ्यापुढे आदळिले, आणि आज्ञा केली की, “हे वाचा. मोठ्यानं वाचा. मी आयकते.”

तेणेकरून सावधगिरीचे ठाणे घ्यावयास रुपराव माघारी फिरले. एक एक कलम वाचिले आणि बाईंनी एक एक मंजूर केले. ओल्या जागी बैसू नये, म्हणून फरशी पुसून कोरडी केली. काम करिता तार उपटून ठेवावी, आणि काड्यांस कायमची हद्दपारी देऊन प्लग आणावा, हेही मान्य. पायी रबरी तळ असावा, या कलमावर मात्र तह अडला. घरात चपला! बाईंनी साफ नाकारिले. मग वाटाघाटी होऊन ठरले की कोरी रबरी जोडी आणावी, तिने जन्मात रस्ता पाहू नये, आणि तिला चपला न म्हणता अवजार म्हणावे.

पुढे कलम निघाले की मेन स्विचपाशी जाणते माणूस उभे असावे. मनकर्णाबाई पदर खोचून तेथे रुजू जाहल्या. “चालू करू?” “थांब वं, तार पाहू दे.” “पाहा लवकर, माझे पाय दुखून राहिले.” ऐसे रविवारी दिवसभर चालले. विजेच्या वाटेत साधा बल्ब जोडिला, की चूक असता तोच पेटावा आणि नवा घातलेला फ्यूज वाचावा. तो दोनदा पेटला, दोन चुका सापडल्या, कोणी उडाले नाही. धन तार कोणती, ऋण कोणती, हे उलटे जाहले तर रेडिओच ठार. सबब पुस्तकाबरहुकूम बटाटा चिरून त्यात दोन्ही तारा खोचिल्या, आणि एकीभोवती हिरवे डाग पडले, ती धन ठरली. बटाटा बाईंनी हळहळत दिला.

मग सूर्य कलता रेडिओ जोडिला. प्रथम भोंग्यासारखी घुर्र जाहली. मग घुर्र राहूनच निवेदिकेने कामठीच्या मुलीचे नाव घेतले, आणि जया गाऊ लागली. मनकर्णाबाई स्विचपाशीच उभ्या राहून ऐकत्या जाहल्या, एक हात स्विचावर, दुसऱ्याने डोळे पुसीत. गाणे संपता त्यांनी खिडकी उघडिली आणि रेडिओचा आवाज पूर्ण वाढविला, की शेजारी कळावे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नऊ व्होल्ट हस्तगत जाहले, घुर्र सोडून सर्व मुलूख जप्तीत आला, आणि रुपराव मानाच्या वस्त्रांची अपेक्षा धरून, कथलाने काळी जाहलेली बोटे छातीवर ठेवून, जेवावयाच्या पाटावर बैसले. तेव्हा सरकारातून एवढीच विनंती आली की,

“अवो, आधी हात धुऊन या. साबणानं.”