दिवाण आत आला कसा?

उद्धवरावांनी बॅटरीवर चालणारी करवत विकत घेतली, तेव्हा ती कशाला लावायची हे पक्कं ठरलेलं होतं. घरी आणल्यावर मात्र ती कशालाच लावता येईना.

कापायचा होता मागच्या खोलीतला दिवाण. सागवानी, साडेसहा फूट लांब, तीन बाजूंना उंच कोरीव कठडा. कुसुमताईंच्या वडिलांनी तो किनवटहून लेकीला लग्नानंतर लगेच आणून दिला, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर उद्धवरावांना त्या खोलीत स्वतःची अभ्यासिका हवीशी वाटू लागली. अभ्यास कशाचा करायचा, ते अजून ठरायचं होतं. एका दुपारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "दिवाण मृण्मयीला लातूरला पाठवू. नव्या घरात तिला होईल." आणि मुलीला फोन लावून शब्दही देऊन टाकला, की महिनाअखेरच्या रविवारी संध्याकाळी दिवाण तुझ्या दारात. कुसुमताईंनी त्यांच्या ताटात वरण वाढलं आणि काही बोलल्या नाहीत. बायको बोलली नाही म्हणजे तिची संमती आहे, असा उद्धवरावांचा लग्नापासूनचा समज होता.

घरात त्यांच्या शब्दाला तसंही फार वजन उरलं नव्हतं. मागच्या खोलीच्या खिडकीच्या जागी परसात उघडणारं दार करून देतो, असं ते बारा वर्षं म्हणत होते, आणि कुसुमताई बारा वर्षं धुण्याची बादली घेऊन घराला वळसा घालत होत्या. म्हणून निदान हा शब्द तरी पाळायचाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पण दिवाण दारातून निघेना. दाराबाहेर अरुंद बोळ, समोर भिंत, वळायला जागाच नाही.

"मंग आत आला कसा ह्यो?" शेजारच्या साहेबरावांनी विचारलं.

"मी नव्हतो ना तेव्हा. लोह्याला निवडणुकीच्या ड्यूटीवर होतो. परत आलो तर हा खोलीत बसलेला."

"भित मागून बांधली आसंल."

"भिंत आधीची आहे हो."

"मंग छत मागून टाकलं आसंल," साहेबराव म्हणाले आणि दोघंही बराच वेळ छताकडे बघत राहिले.

तीस वर्षं प्रत्येक फाइलवर 'योग्य त्या आदेशार्थ सादर' असं लिहून उद्धवरावांनी नोकरी निभावली होती. स्वतः ठरवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. तीन आठवडे ते मोबाइलवर करवतींचे व्हिडिओ बघत होते. एक जण म्हणे बारा व्होल्टची पुरे, दुसरा म्हणे वीसच्या खाली घ्याल तर रडाल. एका व्हिडिओतला माणूस तर करवत चालवता चालवता इंग्रजीत हसतच होता. शेवटी ते रामलिंगच्या दुकानात गेले.

"साहेब, कापायचं काय हाय, तेवढं सांगा," रामलिंग म्हणाला.

"लाकूड. म्हणजे तूर्तास लाकूड."

"मंग हे मोठ्या दातांचं पान घ्या. लोखंडाला हे बारीक दातांचं. ही पुढं-मागं मारती, म्हणून पुढची पट्टी कामाला दाबून धरायची. न्हाईतर समदं घर हालंल."

उद्धवरावांनी दोन्ही पानं घेतली, दाबून धरायचं ते मात्र विसरले. घरी येऊन डबा उघडला तर त्यात बॅटरी नव्हती. ती वेगळी घ्यावी लागते, असं डब्यावरच लिहिलेलं होतं. ते पुन्हा दुकानात गेले.

रविवारी सकाळी दहाला बजरंग टेम्पो घेऊन दारात हजर झाला. उद्धवरावांनी गॉगल लावला, करवतीत मोठ्या दातांचं पान बसवलं आणि दिवाणावर खडूने मधोमध रेघ मारली. दोन तुकडे करायचे, लातूरला बिजागऱ्या लावून जोडायचे, असा बेत होता.

कुसुमताईंनी पदराने रेघ पुसली. "माझ्या बाबांचा दिवाण आहे हा. याला करवत लागली, तर मी लातूरला जाईन आणि दिवाण इथंच राहील."

मग दाराची चौकट. तिच्यावर खडू टेकताच मदतीला आलेले साहेबराव ओरडले, "घराच्या चौकटीला करवत लावून राह्यला का? वास्तुशांतीला हळदकुंकू वाह्यलं न्हाई का तुमीच?"

उद्धवराव हातात करवत धरून खोलीच्या मध्यात उभे राहिले. बजरंगने बाहेरून हॉर्न दिला. आणि तेव्हा त्यांची नजर खिडकीकडे गेली. चांगली मोठी खिडकी, पलीकडे परस, परसातून थेट रस्ता. अडसर सहा गजांचाच. त्यांनी कुसुमताईंकडे पाहिलं. खिडकीतली तुळशीच्या बियांची बरणी त्यांनी आपण होऊन उचलून नेली.

पहिल्या गजाला करवत लागली आणि सगळं घर थडथडू लागलं. कपाटातली भांडी वाजली, साहेबरावांचा चष्मा नाकावरून उतरला. पाच मिनिटांनी गज जसाच्या तसा होता आणि पानाचे दात गेले होते.

"काका, लाकडाचं पान हाय ते," खिडकीपलीकडून बजरंग म्हणाला. "आन् ती पट्टी दाबा की!"

पान बदललं, पट्टी दाबली आणि चमत्कार झाला. गज काकडीसारखे कापले जाऊ लागले. एक, दोन, तीन. उद्धवरावांना आयुष्यात प्रथमच वाटलं, की आपल्याला काहीतरी येतं. पाचवा गज पडला आणि करवतीने एक उसासा टाकून मान टाकली. बॅटरी संपली होती. चार्जरला लावली, तर लाइट गेलेली.

"पाचावर भागंल," साहेबराव म्हणाले. "जरा तिरका घ्या."

तिघांनी मिळून दिवाण उचलला, आडवा केला, तिरका केला आणि खिडकीत घातला. अर्धा गेला. मग सहाव्या गजाला कठडा अडकला. ढकलला तर जाईना, ओढला तर येईना. अर्धा दिवाण परसात, अर्धा खोलीत, आणि सगळं वजन उद्धवरावांच्या खांद्यावर.

त्याच वेळी मृण्मयीचा फोन आला. कुसुमताईंनी तो उचलून आवाज मोठा केला.

"बाबा, तुम्ही खरंच दिवाण पाठवताय? मी तेव्हाच म्हटलं होतं ना, माझी खोली दहा बाय दहाची आहे! तुम्ही ठीक आहे, ठीक आहे म्हणून फोनच ठेवला."

उद्धवराव दिवाणाखालून म्हणाले, "मग आता?"

हे कोणाला उद्देशून होतं ते त्यांनाही कळलं नाही. कुसुमताई स्वयंपाकघरात गेल्या आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन आल्या. दिवाणापाशी वाकून त्यांनी कठड्याच्या आतल्या बाजूला टक् करून ठोका दिला. बोटभर लाकडी पाचर खाली पडली. टक्. दुसरी. मग बाहेर जाऊन आणखी दोन. कठडे हातात आले, पाय सुटले, फळ्या निघाल्या. पाच मिनिटांत दिवाणाचा ढीग झाला, कोणीही काखेत घालून दारातून न्यावा असा.

"तुला हे ठाऊक होतं?" उद्धवरावांनी खांदा चोळत विचारलं.

"आणला तेव्हा मी इथंच उभी होते. बाबांनी माझ्यासमोर जोडला. मला म्हणाले, या चार पाचरा ध्यानात ठेव, कुठं बदली झाली तर कामाला येतील."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रामलिंगला विचारलं, साहेबरावांना विचारलं, मोबाइलला विचारलं. मला विचारलं का एकदा तरी? मला द्यायचाच नव्हता तो कोणाला."

साहेबरावांना अचानक घरी काम आठवलं. बजरंगला कुसुमताईंनी चहा दिला आणि त्यालाच हाताशी घेऊन दिवाण होता तिथं पुन्हा जोडला. पाचरा त्यांनी स्वतः ठोकल्या. मग दिवाणावर बसून त्या खिडकीकडे बघू लागल्या. एकच गज उरला होता, आणि खाली अडीच फुटांची भिंत.

उद्धवरावही त्यांच्याशेजारी जाऊन बसले. अभ्यासिका गेली होती, शब्दही गेला होता, पण त्या खिडकीकडे बघता बघता कुसुमताईंनी ती बरणी आपण होऊन का उचलली, हेही त्यांना हळूहळू उमगत गेलं. तेवढ्यात लाइट आली आणि चार्जरवर लाल दिवा लागला.

ते करवतीकडे वळले, थांबले, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच बायकोला म्हणाले, "कुसुम, दार आत उघडणारं करायचं, की बाहेर?"

"बाहेर," कुसुमताई म्हणाल्या. "सुताराला सांगून ठेवलंय मी. उद्या माप घ्यायला येतोय."