फॉरेनचं कॅल्शियम

बाळारामकाका प्रत्येक अंड्याला टिचकी मारून आधी माझ्या कानाशी धरतात आणि मगच हातात देतात. "ऐक. हेल्मेट हाय." मला काहीच ऐकू येत नाही, पण तसं सांगायचं धाडस होत नाही.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीजवळ, आमची बिल्डिंग काकांच्याच शेतावर उभी आहे. ते तळमजल्यावर राहतात आणि मागच्या मोकळ्या जागेत नऊ कोंबड्या पाळतात. मध्यंतरी अंडी मऊ, कवचाशिवाय येऊ लागली. तेव्हापासून काका ओहोटी बघून बादली घेऊन खाडीवर जातात. जहाजांना चिकटून आलेली एक बारीक परदेशी शिंपली तिथे दगडादगडावर माजली आहे. ती खरवडून आणायची, उकडायची, भाजायची, कुटायची. पीठ मात्र करायचं नाही, ज्वारीएवढे तुकडे करून कोंबड्यांना घालायचे. "पीठ पोटान टिकत नाय." कल्याणच्या बाजारात तयार चुरा मिळतो म्हटलं की ते तोंड फिरवतात. आपलं कॅल्शियम फॉरेनचं.

मी एकदा ज्ञान पाजळायला गेले. ‘इन्व्हेजिव’ला मराठी शब्द सुचेना, म्हणून घुसखोर शिंपली म्हटलं.

"घुसखोर कशाला? तुमी पन बाहेरशीच आले ना आमच्या शेतान? पावनी बोल."

तेव्हापासून मी पाव्हणी म्हणते.

शेवटी उकडण्याच्या वासावरून सोसायटीने नोटीस लावली: रविवारपर्यंत कोंबड्या हलवा. काका भांडतील असं वाटलेलं. ते गुपचूप ठाकुर्लीला बहिणीकडे कोंबड्या सोडून आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, अंडी तिथूनही आणता येतील.

"अंडी कोन खातंय? मना डॉक्टरनी बंद केलीत." मग खाली बघत म्हणाले, "खारीवर जायाला कारन व्हतं. बापासंगं कालवां काढली तयं. आता नुसता जाऊन बसलो तं पोरगा म्हनतो, बाबा, लोक हसतान."

पुढच्या शनिवारी ओहोटीच्या वेळेला काका गेटजवळच्या बाकावर बसलेले दिसले, हात मांडीवर ठेवून. मी उगाच दोनदा गेटबाहेर जाऊन आले. तिसऱ्या वेळी म्हटलं, "काका, कॉलेजच्या प्रोजेक्टला शिंपल्या बघायच्या होत्या. न्याल का?"

मला नोकरी लागून दोन वर्षं झाली. पेढे त्यांनीही खाल्लेत.

काका उठले. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "चपला हयांच ठेव. चिखलान रुततील."